कॅसेटी, सीडी आणि एक नंबरपॅड: नागपूरच्या घरातला ज्यूकबॉक्स

प्रश्न थोडक्यात असा. धरमपेठेतल्या घरी साधारण १४० कॅसेटी आहेत, २०० सीडी आहेत, पेनड्राइव्हवर एमपीथ्रीचा ढीग आहे आणि हॉलमध्ये चालू स्थितीतला जुना ॲम्प आहे. हे सगळं एका डब्यात जावं, महिन्याची वर्गणी नसावी, सॉफ्टवेअर मुक्त असावं, आणि सत्तरीपुढच्या आईबाबांना फोन न उघडता गाणं लावता यावं. काय घ्यावं, कसं बसवावं?

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. सॉफ्टवेअर हे या कामातलं सगळ्यात लहान काम आहे, एका रविवारी उरकतं. दिवस जातात ते दोन ठिकाणी: गाण्यांची नावं नीट लिहिण्यात आणि वीज सांभाळण्यात. बंद पडलेले बहुतेक घरगुती ज्यूकबॉक्स या दोनपैकी एका कारणाने बंद पडलेले असतात. म्हणून खाली या दोन्हींवर जास्त लिहिलं आहे.

सामान असं. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक (पुढे नुसता पाय), १ किंवा २ जीबी मेमरीचा. यापेक्षा जास्त मेमरी या कामाला लागत नाही. पाय ५ घेऊ नका असं नाही, पण त्यावर साडेतीन मिमीचा जॅकच नाही आणि त्याची ताकद इथे वाया जाते. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा त्याचाच अडॅप्टर. फोनचा चार्जर चालवू नका. बोर्डाला मिळणारा व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेला की पाय तक्रार करतो, आणि पातळ लांब केबल असेल तर चांगल्या चार्जरचेही ५ व्होल्ट तिथे पोचेपर्यंत तेवढे खाली येतात. ३२ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड, २५६ जीबीची साधी अडीच इंची एसएसडी आणि तिचा यूएसबी अडॅप्टर, वायरवाला यूएसबी नंबरपॅड, एक आरसीए केबल आणि डॅक, म्हणजे फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारा बोर्ड.

एसएसडी २५६ जीबीची का, तेही बघा. फ्लॅकमध्ये (आवाज न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) एक सीडी सरासरी ३५० एमबी घेते, म्हणजे २०० सीड्यांचे ७० जीबी. ६० मिनिटांच्या कॅसेटीचं २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग फ्लॅक करून ६००-७०० एमबीच्या घरात बसतं. १४० कॅसेटींचे ९०-९५ जीबी धरा. उरलेल्यात एमपीथ्री आरामात मावतात. दुसरी तेवढीच डिस्क बॅकअपसाठी घ्या आणि कपाटात ठेवा. कॅसेटी दुसऱ्यांदा भरायचा उत्साह कुणातच नसतो.

पायचा स्वतःचा ऑडिओ जॅक वापरायचा मोह होईल. तो खरा डॅक नाही, पल्स-विड्थ पद्धतीने आवाज तयार करतो आणि शांत आलापात मागे सूं ऐकू येतं. बर्डीवर (सीताबर्डीत) मोदी नंबर २-३ च्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथे पीसीएम५१०२ चिपचा छोटा बोर्ड विचारून बघा, नाहीतर ऑनलाइन मागवा. स्वस्त आहे आणि आवाज उत्तम आहे. जोडणी पाच-सहा तारांची: व्हीआयएन पिन २ ला, ग्राउंड पिन ६ ला, बीसीके पिन १२ ला, एलसीके पिन ३५ ला, डीआयएन पिन ४० ला. एससीके ही तार पायकडे जात नाही, ती बोर्डावरच ग्राउंडला जोडायची.

या बोर्डाची एक खोड आहे. पाठीमागे चार सोल्डर-जंपर असतात, आणि काही वेळा ते मोकळेच येतात. क्रमांक १, २ आणि ४ हे एलकडे, ३ हा एचकडे सोल्डर करायचा. तिसरा जंपर म्यूटचा आहे. तो एचला नसेल तर सगळं बरोबर दिसतं, गाणं पुढे सरकताना दिसतं, आणि आवाज मात्र शून्य. लोक दोन-दोन दिवस सॉफ्टवेअर उलटंपालटं करत बसतात आणि चूक पाठीमागच्या थेंबभर सोल्डरची असते. सोल्डरिंग नको असेल तर पीसीएम५१२२ चा तयार हॅट, म्हणजे पायवर सरळ बसणारा बोर्ड घ्या. तो महाग पडतो, पण त्यात हार्डवेअर व्हॉल्यूम मिळतो, ५१०२ मध्ये तो नाही.

ॲम्पच्या मागे केबल लावताना पट्टी वाचा. डॅक २.१ व्होल्ट देतो. तो ऑक्स, टेप किंवा सीडी लिहिलेल्या जागी जातो. फोनो लिहिलेली जागा रेकॉर्डप्लेअरच्या काही मिलिव्होल्टांसाठी असते. तिथे लावलात तर फाटका, चिरका आवाज येईल आणि दोष डॅकला जाईल.

आता सॉफ्टवेअर. मूड ऑडिओ आणि व्होल्युमिओ या तयार प्रतिमा आहेत: कार्डावर उतरवा, ब्राउझरमधून चालवा. टर्मिनलची भीती असेल तर मूड ऑडिओ घ्या, ते पूर्ण मुक्त आहे. व्होल्युमिओत काही सोयींना खातं आणि पैसे लागतात. पण तुमचा खरा हेतू नंबरपॅडचा आहे, आणि तयार प्रतिमेत स्वतःच्या गोष्टी घुसवल्या की पुढच्या अपडेटला त्या उडतात. म्हणून साधी रास्पबेरी पाय ओएस लाइट आणि तिच्यावर एमपीडी, हाच मार्ग बरा. एमपीडी म्हणजे म्युझिक प्लेअर डीमन. २००३ पासून आहे, मागे बसून वाजवत राहतो, आणि त्याला हुकूम कुठूनही देता येतो: फोनवरून, ब्राउझरमधून, बटणावरून.

इमेजर प्रोग्रॅममध्ये कार्ड तयार करतानाच नाव, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून हुकूम द्यायची सोय) भरून टाका, म्हणजे मॉनिटर-कीबोर्ड लागत नाही. बूट विभागातल्या कॉन्फिग फाइलीत हायफायबेरी-डॅक हा ओव्हरले (पायला डॅकची ओळख करून देणारी ओळ) लिहा आणि पायचा स्वतःचा ऑडिओ बंद करा. मग एमपीडी, एमपीसी (एमपीडीला हुकूम देणारा), सांबा (लॅपटॉपवरून फायली टाकायला) आणि ट्रिगरहॅपी (बटणांसाठी) ही चार पॅकेजं बसवा. एमपीडीच्या सेटिंगमध्ये साउंडकार्ड क्रमांकाने लिहू नका, नावाने लिहा. एचडीएमआय हेही एक साउंडकार्ड असतं, बूटच्या वेळी क्रमांक बदलतात, आणि सोमवारी वाजणारा डबा मंगळवारी मुका होतो. एमपीडी मुळात फक्त त्याच यंत्रावरून आलेले हुकूम ऐकतो. फोनवरून चालवायचं तर त्याचा ऐकण्याचा पत्ता कुठूनही असा बदला. अँड्रॉइडवर एम.ए.एल.पी. नावाचं मुक्त ॲप पुरे आहे, ब्राउझरसाठी मायएमपीडी छान आहे.

एसएसडी ईएक्सटी४ (लिनक्सची डिस्क-पद्धत) करा, तिच्या यूयूआयडीने (डिस्कच्या ओळखक्रमांकाने) कायमची माउंट करा, म्हणजे जोडून घ्या, आणि नोफेल हा पर्याय लिहा. तो नसेल तर डिस्कची केबल ढिली झाल्या दिवशी पाय बूटच होत नाही. पण नोफेलला दुसरी बाजू आहे. डिस्क नसताना एमपीडी सुरू झाला, की त्याला गाण्यांचं फोल्डर रिकामं दिसतं, आणि आपोआप अपडेट चालू असेल तर तो इमानदारीने सगळी गाणी यादीतून काढून टाकतो. फायली शाबूत असतात, पण घरात रडारड होते. इलाज सोपा: सिस्टमडीला (लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू करणाऱ्याला) सांगा की हा माउंट असल्याशिवाय एमपीडी सुरूच करू नकोस. डिस्क निळ्या नव्हे, काळ्या यूएसबी पोर्टात लावा. फ्लॅकला सेकंदाला मेगाबिटच्या आसपासच वेग लागतो, आणि यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्रास देतो.

सीडी पायवर रिप करू नका, म्हणजे तिची गाणी फायलींत उतरवायचं काम पायवर नको. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, त्यात डिस्क आणि ड्राइव्ह दोन्ही धाप टाकतात. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर व्हिपर वापरा. तो प्रत्येक ट्रॅकची बेरीज इतरांच्या रिपशी ताडून बघतो आणि कुठला ट्रॅक खराब वाचला ते सांगतो. फ्लॅकची पातळी ५ असो की ८, आवाज तोच राहतो, फक्त फाइल जराशी लहान-मोठी होते. घरी लिहिलेल्या सीडी-आर सगळ्यात आधी करा. छापील सीडी टिकते, सीडी-आरचा रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि उष्णतेने मरतो, आणि आपल्याकडचा मे महिना त्याला वर्षानुवर्षं भाजत आलेला असतो.

कॅसेटींचं गणित कठोर आहे. १४० कॅसेटी म्हणजे १४० तास, कारण कॅसेट तिच्याच गतीने वाजते. रोज एक धरली तर पाच महिने. म्हणून आधी चाळणी लावा: जे सीडीवर आहे किंवा विकत मिळतं ते सोडा. घरचं बारसं, आजीच्या ओव्या, गणेशोत्सवातल्या गाण्याचं रेकॉर्डिंग, रेडिओवरून भरलेलं, हे आधी.

डेक लाइन-आउटवाला हवा; वॉकमनसारख्या यूएसबी कॅसेट-प्लेअरच्या नादी लागू नका. हेड आणि धातूची फिरती कांडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी चाकाला अल्कोहोल लावू नका, रबर कडक होऊन चिरतं. त्याला सौम्य साबणाचं पाणी. वर्षानुवर्षं पडून राहिलेली कॅसेट वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, नाहीतर चिकटलेल्या घड्यांमुळे गती डगमगते. आतली फेल्टची बारीक गादी निघाली असेल तर आवाज खोल आणि दबका येतो. तसं दिसलं तर टेप दुसऱ्या, पाच स्क्रूंच्या कवचात हलवा. चिकटवलेलं कवच सुरीने उघडताना घाई केली की टेप चुरगळते.

मग अझिमथ. हेडच्या बाजूला एक छोटा स्प्रिंगवाला स्क्रू असतो, त्याने हेडचा तिरपेपणा ठरतो. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐका आणि स्क्रू अगदी केसभर फिरवत जा. टाळ, झांजा, स-श ही अक्षरं जिथे सगळ्यात लख्ख वाजतील तिथे थांबा. ज्या यंत्रावर ती कॅसेट भरली होती त्याचा तिरपेपणा वेगळा होता, म्हणून घरी भरलेल्या कॅसेटींना हे दर वेळी करावं लागतं. एवढ्याने जो फरक पडतो तो नंतर कुठल्याही फिल्टरने पडत नाही. रेकॉर्डिंग लॅपटॉपवर ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ न देता. डेक लॅपटॉपला जोडायच्या स्वस्त यूएसबी डाँगलचं इनपुट मोनो माइकचं असतं. स्टिरिओ लाइन-इन लिहिलेलं बघूनच घ्या. सूं कमी करायला नॉइज रिडक्शन ६ डेसिबलपर्यंत ठीक. बारावर नेलंत तर तंबोऱ्याची जवार पाण्याखालून आल्यासारखी वाटते. आणि मूळ, न साफ केलेली फाइल जपून ठेवा.

आता नावं. इथे मराठीची स्वतःची गंमत आहे, ती इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाही.

फाइलीच्या नावाला लिनक्सवर २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर १ बाइट घेतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट. म्हणजे तुमच्या हातात ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. विंडोजवर हीच मर्यादा वेगळ्या तऱ्हेने मोजतात, तिथे २५५ देवनागरी चिन्हं बसतात. म्हणून विंडोजवर सुखाने राहिलेली, गाण्याची पहिली ओळ अधिक गायक अधिक संगीतकार अशा नावाची फाइल पायवर कॉपी करताना नाव फार लांब म्हणून अडते. फोल्डर आणि फाइलींची नावं छोटी आणि रोमन ठेवा. मराठी सगळं टॅगमध्ये, म्हणजे फाइलीच्या आतल्या माहितीच्या चौकटींत लिहा. तिथे अशी मर्यादा नाही.

टॅगमध्ये दिसायला एक आणि आतून वेगळं असे शब्द असतात. किनाऱ्यावर, वाऱ्याने, दऱ्या यांतला अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिला जातो: सरळ ऱ घेऊन, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर तिन्ही सारखे. शोधलं की एकच सापडतं. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या नियमाने एक करता येतात, तिसरी होत नाही. ती शोधून बदलावी लागते. तसंच ॲ. ते एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही लिहितात आणि अ वर चंद्र देऊनही, आणि संगणकाच्या लेखी या दोघांचं काही नातं नाही. पिकार्ड या टॅग भरणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्क्रिप्टमध्ये बदला-फंक्शनच्या तीन ओळी लिहिल्या की सगळा संग्रह एका फटक्यात सरळ होतो. हे सुरुवातीलाच करा.

मग पदव्या. पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी आणि भीमसेन जोशी हे एमपीडीसाठी तीन गायक आहेत. पं. आणि पंडित यांतलं एक ठरवा. खरं तर काहीच न लावलेलं सोयीचं, आदर टॅगमध्ये मावत नाही. द्वंद्वगीताला दोन गायक एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन लिहू नका, त्याने तिसराच माणूस जन्माला येतो. किड३ या टॅग-संपादकात आर्टिस्टची दुसरी ओळ वाढवा, फ्लॅक ती मान्य करतो. सुधीर फडके गायक म्हणून आर्टिस्टमध्ये आणि संगीतकार म्हणून कंपोझरमध्ये, दोन्हीकडे स्वतंत्र लिहा. म्युझिकब्रेन्झ या गाण्यांच्या ऑनलाइन नोंदवहीवरून आपोआप टॅग भरायची सोय पिकार्डमध्ये आहे, पण मराठी संग्रहाला तिच्यावर विसंबू नका. मराठी नोंदी विरळ आहेत आणि जुळलं असं समजून भलत्याच अल्बमची नावं चिकटतात.

गीतकाराचा प्रश्न वेगळा. भावगीत आणि गझल आपण गीतकाराच्याही नावाने शोधतो. नागपूरच्या घरात सुरेश भटांचं सगळं एका बटणावर हवं असणार, हे उघड आहे. एमपीडीला मात्र गीतकार हा टॅग ठाऊकच नाही. फाइलीत असला तरी तो वाचत नाही. उपाय असा: गीतकाराचं नाव कॉमेंट टॅगमध्ये लिहा. एमपीडी कॉमेंटही मुळात वगळतो, पण सेटिंगमधल्या टॅगांच्या यादीत अधिक कॉमेंट एवढं लिहिलं आणि डेटाबेस नव्याने बांधला की तो वाचू लागतो. याच कॉमेंटमध्ये गाण्याचं नाव रोमन लिपीतही लिहून ठेवा, म्हणजे फोनवर मराठी कीबोर्ड नसलेल्या पाहुण्यालाही सापडतं.

शास्त्रीयाला राग ग्रूपिंगमध्ये आणि प्रहर मूडमध्ये लिहा. मूडचा उपयोग पुढे येतो.

आवाजाची पातळी हा शेवटचा संस्कार. कॅसेट हळू, नव्या सीडीचं गाणं अंगावर येतं. आरएसगेन हा प्रोग्रॅम प्रत्येक फाइल मोजून टॅगमध्ये आकडा लिहितो, गाण्याला हात लावत नाही. एमपीडीत रिप्लेगेन (हे आकडे वापरायचं सेटिंग) ट्रॅक ठेवा, म्हणजे तो गाण्यागणिक पातळी धरतो. ऑटो ठेवलंत तर रँडम बंद असताना तो अल्बमची पातळी धरतो, आणि पुढे आपण रँडम बंदच ठेवणार आहोत.

आता आईबाबांचा भाग. नंबरपॅडची दहा बटणं म्हणजे दहा याद्या. १ अभंग, २ भावगीतं, ३ नाट्यपदं, ४ सुरेश भट, ५ शास्त्रीय, असं करत ९ पर्यंत, आणि ० म्हणजे सगळ्यातलं काहीही. अधिक-उणे आवाजाला, एंटर थांबवा-चालवा, तारा पुढचं गाणं. बटणांवर मराठी चिठ्ठ्या चिकटवा. अक्षरं ठळक आणि वर पारदर्शक टेप, नाहीतर दोन महिन्यांत पुसतात. याद्यांच्या फायलींना नुसते आकडे नाव द्या, का ते पुढे कळेल.

ट्रिगरहॅपी बटण दाबल्याची घटना ऐकतो आणि तिच्यासमोर लिहिलेला हुकूम चालवतो. त्याला नमलॉकशी देणंघेणं नाही, ही चांगली गोष्ट. पण काही नंबरपॅड प्रत्येक आकड्याच्या आधी आणि नंतर स्वतःच नमलॉक पाठवतात, म्हणून नमलॉकच्या बटणावर काही ठेवू नका. दुहेरी शून्याचं बटण असेल तर ते शून्य दोनदा पाठवतं. त्यावर चिठ्ठी न लावता सोडून द्या. बॅकस्पेस धरून ठेवला की पाय बंद व्हावा, असं लावायचं असेल तर एक अडचण येते: ट्रिगरहॅपी मुळात कुठलाच अधिकार नसलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. गाणी वाजतात, कारण एमपीडीला नेटवर्कवरून हुकूम जातो, पण शटडाउन मुकाट्याने नाकारलं जातं. त्या एका हुकमापुरती सुडोची (मालकाच्या अधिकाराने चालवायची) परवानगी द्या, संपूर्ण रूट देऊ नका.

बटण दाबल्यावर गाणं सुरू व्हायला दीड-दोन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात आजोबा दुसऱ्यांदा दाबतात, मग तिसऱ्यांदा. यावर उपाय घोषणेचा. अभंग, भावगीतं असे शब्द घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात सेकंदभराच्या फायलींत भरा. त्या दुसऱ्या प्रोग्रॅमने वाजवायला गेलात तर साउंडकार्ड व्यस्त असल्याचं उत्तर येईल, कारण ते एमपीडीने धरून ठेवलेलं असतं. म्हणून घोषणाही एमपीडीच्याच रांगेत घाला. क्रम असा: रांग रिकामी करा, यादी भरा, शफल करा, घोषणेची फाइल शेवटी जोडा, ती शेवटच्या जागेवरून रांगेत सगळ्यात पुढे हलवा, मग वाजवा. रँडम बंद हवं. चालू राहिलं तर नाट्यपदं ही घोषणा तिसऱ्या आणि चौथ्या पदाच्या मधे येते. आवाज वाढवायच्या बटणाला ७० टक्क्यांची कमाल घाला.

एक सेटिंग विसरू नका: रिस्टोअर पॉज्ड. एमपीडी बंद होताना जे चालू होतं ते पुन्हा सुरू झाल्यावर तिथूनच वाजवतो. रात्री वीज गेली आणि पहाटे तीनला आली तर हॉलमध्ये अभंग सुरू. हे सेटिंग चालू असलं की तो थांबलेल्या अवस्थेत उठतो.

मूडचा उपयोग आता. सकाळी ६ ला भैरव-तोडी, दुपारी सारंग, दिवेलागणीला मारवा-पूरिया, त्यानंतर यमन, रात्री बागेश्री-मालकंस, असं आपोआप लावता येतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी हुकूम चालवणाऱ्या सोयीत) त्या-त्या वेळेला एक छोटी स्क्रिप्ट ठेवा: आधी काही वाजतंय का बघा, वाजत असेल तर गप्प बसा, नसेल तर रांग रिकामी करून मूडचा टॅग जुळणारी गाणी एमपीसीच्या फाइंडॲडने भरा आणि शफल करून वाजवा. ही स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते आणि क्रॉनमधून चालत नाही, हा नेहमीचा अनुभव. क्रॉनला भाषेचं लोकेल मिळत नाही, त्यामुळे प्रातःकाळ हा देवनागरी शब्द मधेच मोडतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-८ चं लोकेल लिहा. ट्रिगरहॅपीलाही हाच रोग, म्हणून वर याद्यांना आकडे दिले. दुसरी गोष्ट म्हणजे पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नाही. वीज आल्यावर राउटर उठून इंटरनेट मिळेपर्यंत त्याचं घड्याळ मागेच असतं, आणि त्या दोन मिनिटांत भलतीच वेळ उगवू शकते. डीएस३२३१ हा छोटा घड्याळ-बोर्ड लावला की सुटतं. तो पिन १ ते ९ च्या कडेला बसतो, डॅकच्या तारा त्याच्या आड येत नाहीत.

वीज. पायचं कार्ड मरतं ते लिहिणं चालू असताना वीज तुटल्याने. रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा (डॅकच्या ओव्हरलेशी तिचा संबंध नाही). मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळे बदल मेमरीत राहतात आणि बंद केल्यावर नाहीसे होतात. म्हणजे एमपीडीचा डेटाबेस, त्याची स्टेट फाइल आणि याद्याही नाहीशा होतील, जर त्या कार्डावर असतील तर. ओव्हरले चालू करण्याआधी त्या तिन्हींचे पत्ते एसएसडीवर हलवा. पुढे कधी सेटिंग बदलायचं असेल तर आधी ओव्हरले बंद करून बूट करा. हे विसरून दर वेळी बदल करणारे आणि दर वेळी तो पुसला गेला म्हणून चक्रावणारे बरेच असतात.

घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असेल तर तोच लावा. राउटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेणार असाल तर मधे १२ ते ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर लागेल, ३ अँपिअर सहज देणारा. पॉवरबँक नको; वीज जाता-येताना बहुतेक पॉवरबँक क्षणभर पुरवठा तोडतात आणि पाय पुन्हा बूट होतो.

आणि कूलर. मार्च ते जून हॉलमध्ये कूलर असणारच, आणि ज्यूकबॉक्सचं त्याच्याशी दोन बाबतीत वाकडं आहे. पहिलं, त्याच्या झोतात डबा ठेवू नका. ती हवा ओली असते, आणि तिच्यासोबत येणारे पाण्याचे कण वाळून क्षाराचा पांढरा थर ठेवतात. तो पिनांवर बसला की महिन्या-दोन महिन्यांत आवाज खरखरतो. दुसरं, पंप किंवा मोटर चालू-बंद होताना स्पीकरमधून टक् असा आवाज येतो, कधी डिस्कच क्षणभर सुटते. कूलर आणि ॲम्प एकाच बोर्डावरून घेऊ नका. तेवढ्याने थांबलं नाही तर इलेक्ट्रिशियनकडून कूलरच्या स्विचवर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ दर्जाचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर, असा तयार स्नबर बसवून घ्या. ठिणगी स्विचपाशीच मरते.

सतत भणभण येत असेल तर ती कूलरची नाही. डिश किंवा केबलची तार ॲम्पला जोडलेल्या टीव्हीतून येत असेल तर ती काढून बघा. बहुतेक वेळा तिथेच थांबते. मग त्या जोडणीत आयसोलेटर घाला. ॲम्पच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग तपासून घ्या. भणभण थांबते म्हणून अर्थची पिन कापणारे लोक भेटतात. तसं करू नका.

उन्हाची भीती मात्र बाळगू नका. पाय ८० अंशांना स्वतःची गती कमी करतो, आणि गाणं वाजवायला त्याला जेमतेम काही टक्केच काम पडतं, त्यामुळे बाहेर ४५ असलं तरी पंखा न लावता चालतं. फक्त शोकेसच्या बंद काचेआड, ॲम्पच्या डोक्यावर ठेवू नका. ॲल्युमिनियमची डबी घेतलीत तर ती उष्णता छान पसरवते, पण वायफाय अडवते, म्हणून राउटरपासून हॉलपर्यंत लॅनची केबल ओढा. पुढे स्वयंपाकघरातही तेच गाणं हवं झालं, तर स्नॅपकास्ट बघा; दुसरा एखादा पाय झीरो २ डब्ल्यू आणि स्पीकर लागेल, मूळ डब्यात एक आउटपुट वाढवावं लागेल.

सुरुवात सीड्यांनी नको, घरी भरलेल्या दोन-तीन कॅसेटींनी करा. टॅग, घोषणा, नंबरपॅड, सगळं त्या तीस-चाळीस गाण्यांवर आधी चालवून बघा, आणि आईबाबांना आठवडाभर वापरू द्या. कुठलं बटण कशाला हवं, हे त्या आठवड्यात बदलतंच.